65,280 या आकड्यातली आठ प्यादी

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं. महिला विश्वचषक तिचा झाला आणि त्याच विजयाने ती थेट ग्रँडमास्टरही झाली. याआधी नागपूरचेच रौनक साधवानी 2019 मध्ये आणि संकल्प गुप्ता 2021 मध्ये ग्रँडमास्टर झाले होते. बुद्धिबळाच्या बाबतीत आपल्या गावाची आता कुणाला ओळख करून द्यायला नको.

असे सामने मोबाईलवर बघताना पटाशेजारी एक उभी पट्टी दिसते. पांढऱ्याचा डाव चांगला असेल तर ती एकीकडे सरकते, काळ्याचा असेल तर दुसरीकडे. ती हलवणारा प्रोग्राम बहुतेक ठिकाणी स्टॉकफिश असतो. जगातल्या कुठल्याही खेळाडूला, अगदी मॅग्नस कार्लसनलासुद्धा, तो आरामात हरवतो. थक्क करणारी गोष्ट मात्र पुढेच आहे. तो कसा विचार करतो ते कुणीही, आज, फुकट वाचू शकतं. त्याच्या कोडची ओळ न ओळ इंटरनेटवर खुली आहे.

हे काही आपोआप झालेलं नाही. 1997 च्या मे महिन्यात आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत होतं. त्यानंतर ते स्पर्धेत कधीच उतरलं नाही. त्याची कपाटं अमेरिकेतल्या संग्रहालयांत गेली. याउलट, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रोग्रामर जॉन कारमॅकने ‘डूम’ या संगणकावरच्या खेळाचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या पोरांनी तो उघडून खेळ कसे बनतात ते शिकून घेतलं, आणि आजही लोक त्या कोडवर काम करत आहेत. बुद्धिबळातही हाच रस्ता निघाला. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टॅडने ग्लाउरुंग नावाचा प्रोग्राम कोडसकट दिला, 2008 मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने त्यातून स्टॉकफिश उभा केला आणि पुढे शेकडो लोकांचे हात त्याला लागले.

आता आत डोकावू या. संगणकाला पट दिसत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. पटावर 64 घरं आहेत आणि आजचा प्रोसेसर एका दमात 64 बिटांचा, म्हणजे 64 एक-शून्यांचा, आकडा हाताळतो. या योगायोगाचा प्रोग्रामरांनी जो फायदा उठवलाय तो पाहून मला प्रत्येक वेळी आनंद होतो. ए1 हे पहिलं घर, बी1 दुसरं, असं मोजत जायचं. घरात प्यादं असेल तर 1, नसेल तर 0. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याची आठही प्यादी दुसऱ्या ओळीत असतात. दर घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट धरली की त्या सगळ्यांचा मिळून एक आकडा होतो: 65,280. त्याला 256 ने गुणा. उत्तर येतं 1,67,11,680, आणि हा आकडा म्हणजे तिसऱ्या ओळीत उभी असलेली तीच आठ प्यादी. एका गुणाकारात आठही प्यादी एकेक घर पुढे! प्रत्यक्षात संगणक गुणाकारही करत नाही, सगळे बिट आठ जागा सरकवतो.

यात एक खड्डा आहे. पांढऱ्या प्याद्याने उजवीकडे तिरकं मारायचं असेल तर बिट नऊ जागा सरकवावे लागतात. पण एच2 वरच्या प्याद्याच्या उजवीकडे पटच संपतो. नऊ जागा सरकवल्या तर ते पटाला वळसा घालून थेट ए4 वर उगवतं. म्हणून सरकवण्याआधी एच स्तंभातली प्यादी बाजूला काढावी लागतात. स्टॉकफिशच्या कोडमध्ये ही खबरदारी एका छोट्याशा ओळीत बसवली आहे. ती पहिल्यांदा नीट समजते तेव्हा अख्खा पट डोळ्यांपुढे हलल्यासारखा वाटतो.

चाली तर मिळाल्या, पण त्या किती? पांढऱ्याच्या पहिल्या खेळीला 20 पर्याय. काळ्याने उत्तर दिलं की 400. तिसऱ्या खेळीनंतर 8,902 आणि चौथ्यानंतर 1,97,281, ज्यांपैकी बरोबर 8 वाटांवर राजाला मात झालेली असते. सहाव्या खेळीपर्यंत 11,90,60,324. स्वतःचा बुद्धिबळ प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे आकडे पाठ असतात, कारण तीच त्याची परीक्षा. तुमच्या प्रोग्रामने चौथ्या पायरीला 1,97,281 ऐवजी 1,97,280 दाखवलं, तर कुठेतरी एक चाल हरवली आहे आणि ती सापडेपर्यंत पुढे जाता येत नाही. इतका चोख परीक्षक फार थोड्या विषयांत मिळतो.

चालींच्या या जंगलात सगळीकडे हिंडायचं नसतं. समजा, एका चालीने डाव बरोबरीत राहतो हे तुम्हाला कळलं आहे. दुसरी चाल तपासताना प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्याच उत्तरात तुमचा वजीर फुकट जातो असं दिसलं. मग त्याची बाकीची उत्तरं पाहायची गरजच काय? ती चाल बाद. चांगल्या चाली आधी तपासल्या तर दहा लाख स्थितींऐवजी दोन हजारांच्या आसपास पाहून भागतं, आणि उत्तर तेच येतं, काडीचाही फरक न पडता. याला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात.

शेवटी प्रश्न उरतो तो स्थिती चांगली की वाईट हे ठरवण्याचा. कित्येक वर्षं माणसांनी आपलं बुद्धिबळाचं शहाणपण हाताने लिहून काढलं होतं: उंटांची जोडी असेल तर इतके गुण, एकाकी प्यादं असेल तर इतके वजा. जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी शोधलेलं, उदाहरणांवरून स्वतः शिकणारं छोटं न्यूरल जाळं 2020 मध्ये स्टॉकफिशमध्ये आलं. 2023 मध्ये हाताने लिहिलेलं ते सगळं शहाणपण कोडमधून काढून टाकलं गेलं. मला त्याची हुरहूर वाटते, पण कोडचा जुना इतिहास जपलेला असल्यामुळे ते आजही वाचता येतं.

खेळ सुधारण्यासाठीचा कुठलाही बदल कुणाच्या शब्दावर स्वीकारला जात नाही. नवी आवृत्ती जुनीशी हजारो डाव खेळते आणि खरंच सरस ठरली तरच बदल आत जातो. हे डाव जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर, त्यांच्या विजेच्या बिलावर चालतात.

एवढं उघडं ठेवल्यावर कुणी गैरफायदा घेणार नाही का? स्टॉकफिश जीपीएल परवान्याखाली आहे. कोड घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला प्रोग्राम द्याल त्याला कोडही द्या. चेसबेस या जर्मन कंपनीने ही अट पाळली नाही म्हणून 2021 मध्ये स्टॉकफिशच्या लेखकांनी जर्मनीत तिच्यावर दावा लावला, आणि 2022 मध्ये तडजोड होऊन कंपनीला परवान्याचा मान राखणं मान्य करावं लागलं. खुलं म्हणजे बेवारस नव्हे, हे न्यायालयाच्या पायरीवर ठरलं ते बरं झालं.

नागपुरात पट मांडून बसणारी पोरं भरपूर आहेत आणि पायथन शिकणारीही. दोन्ही करणारीही बरीच असतील. त्यांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना माझं सांगणं आहे की खेळ बनवायला शिकवताना कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. पायथनमध्ये लिहिलेला सनफिश नावाचा प्रोग्राम जेमतेम शे-दीडशे ओळींचा आहे आणि तो बऱ्यापैकी खेळतो. तो एका संध्याकाळी मुलांसोबत वाचा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या घोड्याची किंमत वाढवून वजिराएवढी करा आणि तो कसा वेड्यासारखा घोडे वाचवत सुटतो ते बघा. मग मुलांना स्वतःचा चाली मोजणारा प्रोग्राम लिहू द्या. पडद्यावर 1,97,281 उमटलं की पुढचं ती स्वतःच करतील. स्टॉकफिशची ‘सर्च’ नावाची फाईल, जिच्यात ती छाटणी लिहिलेली आहे, तेव्हा उघडून द्या.