गंबोरोची लस: तहानेचा एक तास

पहाटेच पिल्लांचं पाणी बंद होतं. सिल्लोड तालुक्यात मक्याच्या रानांच्या कडेला असलेल्या ब्रॉयलर शेडमध्ये बॅच बारा-चौदा दिवसांची झाली, की गंबोरो रोगाच्या लसीची वेळ येते. ड्रिंकर आदल्या संध्याकाळीच घासलेले असतात, तेही नुसत्या पाण्याने. साबणाचा किंवा जंतुनाशकाचा अंश राहिला तर पिल्लांच्या पोटात जाण्याआधीच लस मरते. तासाभरात पिल्लं बेचैन होतात आणि रिकाम्या ड्रिंकरभोवती घोटाळू लागतात. एप्रिल-मे असेल तर तेवढाही वेळ थांबायचं नाही. मराठवाड्याच्या उन्हात अर्धा तास पुष्कळ झाला.

इकडे बादलीत पाणी तयार होत असतं. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते लसीतल्या जिवंत विषाणूला मारतं. म्हणून लिटरमागे 2 ते 2.5 ग्रॅम साय काढलेली दूध पावडर अर्धा तास आधी कालवून ठेवतात. मग बर्फाच्या डब्यातून अंगठ्याएवढी बाटली बाहेर निघते. तिच्या तळाशी वाळवलेल्या लसीची चिमूटभर टिकली असते आणि तेवढ्यात हजार पिल्लांचे डोस मावतात. जाणता माणूस बाटली पाण्यात बुडवूनच बूच काढतो, म्हणजे पाणी सरळ आत ओढलं जातं.

ड्रिंकर खाली आले, की पिल्लं तुटून पडतात. दोन तासांत पाणी संपायला हवं. कुणी कुणी लसीच्या पाण्यात निळा रंग टाकतात. नंतर शेडच्या चारही कोपऱ्यांतून पिल्लं उचलायची, चोच उघडून बघायची. जीभ निळी दिसली तर पिल्लू प्यायलं. कोपऱ्यातली दुबळी पिल्लंच बहुधा राहून जातात आणि पुढे तीच महागात पडतात.

हा रोग पहिल्यांदा ध्यानात आला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, गंबोरो गावाच्या आसपास. अल्बर्ट कॉसग्रोव्ह यांनी 1962 मध्ये त्याची नोंद केली. भारतात तो 1971 मध्ये नोंदवला गेला आणि नव्वदच्या दशकात त्याचा अतितीव्र प्रकार येऊन पोहोचला. तीन ते सहा आठवड्यांची कोंबडी ही त्याची आवडती शिकार. काल धावणारी पिल्लं आज पंख फुलवून गोळा होऊन बसतात, पांढरट पातळ हगतात, आपल्याच शेपटीखाली चोच मारतात. तीन-चार दिवस मर चढत जाते, मग जशी आली तशी उतरते.

मेलेलं पिल्लू डॉक्टर उघडतात तेव्हा मांडीच्या आणि छातीच्या मांसावर रक्ताचे फराटे दिसतात. शेपटीखाली, आतड्याच्या शेवटाला, बर्सा नावाची छोटी पिशवी असते. रोगाच्या सुरुवातीला ती सुजून दुप्पट होते, वरून पिवळसर चिकट थर धरते. आठवड्याभरानंतर मेलेल्या पिल्लात तीच आक्रसून मूळच्या एक तृतीयांशावर आलेली असते.

ही पिशवी कशासाठी असते, हे शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. 1950 च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने काही पिल्लांची बर्सा काढून टाकली होती. त्याच्या सहकाऱ्याने वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी नेमक्या त्याच कोंबड्या वापरल्या, तर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडंच तयार होईनात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी बर्सामध्ये घडतात, हे त्यातून उलगडत गेलं. गंबोरोचा विषाणू नेमका याच पेशी फस्त करतो. म्हणून मेलेल्या पिल्लांपेक्षा वाचलेल्यांची काळजी जास्त. त्यांना दिलेली राणीखेतची लस नीट लागू पडत नाही, साधा ई-कोलाय जिवाणूसुद्धा त्यांना आडवं करतो. खाद्य खातात, पण वजन धरत नाहीत. करारावर पिल्लं वाढवणाऱ्या शेतकऱ्याची मजुरी वजनावर आणि खाद्याच्या हिशेबावर ठरते. त्याचं नुकसान मेलेल्या पिल्लांच्या मोजणीत दिसतच नाही.

विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक फक्त मागून येणाऱ्या जिवाणूंपुरतं. मूत्रपिंडं सुजलेली असतात, म्हणून एक-दोन दिवस प्रथिनांचं खाद्य कमी करून मक्याचा भरडा आणि गूळपाणी देण्याचा सल्ला मिळतो. मका तर सिल्लोडमध्ये घरचाच.

लसीचा दिवस ठरवणं ही खरी अवघड गोष्ट. पिल्लू अंड्यातून येतानाच आईकडून प्रतिपिंडं घेऊन येतं. ती भरपूर असताना लस दिली तर ती लसीलाच निकामी करतात. ती संपेपर्यंत थांबलं तर शेडमधला विषाणू आधी गाठतो. पिल्लांच्या रक्ताची चाचणी करून दिवस काढता येतो, पण लहान शेतकऱ्याच्या वाट्याला बहुधा ठरलेलं वेळापत्रकच येतं.

आणि शेडमधला विषाणू सहजी जात नाही. रिकाम्या शेडमध्ये तो चार महिने तग धरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. शेडमध्ये अंथरलेल्या तुसात राहणारे काळे किडेही तो एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेतात. म्हणून दोन बॅचमधले रिकामे दिवस फार मोलाचे असतात. जुनं तूस शेडपासून दूर न्यायचं, फरशी खरवडून धुवायची, चुना मारायचा, फॉर्मलीनची फवारणी करायची आणि शेड बंद ठेवायचं. पुढची पिल्लं लवकर मिळताहेत म्हणून इथेच चार दिवस कापले जातात. लस बिनचूक दिली तरी ही कसर भरून निघत नाही.

लस देऊन झाली, तरी रिकाम्या बाटल्या बांधावर टाकून चालत नाही. त्यांत जिवंत विषाणू असतो. जंतुनाशकात बुडवून त्या खोल पुरतात. मग ड्रिंकरमध्ये साधं पाणी सोडलं जातं. बॅचच्या वहीत तारीख, लसीचं नाव आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहिला जातो.