लुगड्याचा काठ, गझलेचा शेवट

लुगडं घेताना जाणत्या बाया आधी काठ बघतात. अनोळखी गझल हाती आली की मीही तेच करतो. अर्थ राहू दे, आधी ओळींचे शेवट बोटाने तपासत खाली जातो.

प्रत्येक शेराच्या टोकाला जसाच्या तसा परततो तो रदीफ आणि त्याच्या अलीकडे यमक जुळवतो तो काफिया. समजा, रदीफ आहे ‘गेला’. ओट्यावर बसून दिवसातून शंभरदा म्हणतो तसला साधा शब्द. आता काफिये बसवून बघा. डाव गेला : हरलो. ताव गेला : राग निवला. ठाव गेला : पाय टेकेना. भाव गेला : इथे अमरावती-अकोल्याचा माणूस दचकतो, कारण त्याला आधी कापूस आठवतो, मन नंतर. ‘गेला’ तसूभर हललेला नाही, तरी चार वेळा वेगळं काहीतरी गेलं! ‘जीव गेला’ कितीही चटका लावो, इथे चालायचं नाही. ‘व’ जुळला, पण त्याआधीचा ‘आ’ सुटला. त्या अढळ स्वराला अलामत म्हणतात. वृत्त, काफिया, रदीफ मिळून होते ती गझलेची ‘जमीन’. जमीन एकच, पण शेरागणिक पीक निराळं.

नवख्यांसाठी हा हिशेब मांडला ‘गझलेची बाराखडी’त, सुरेश भटांनी. जन्म अमरावतीचा, १५ एप्रिल १९३२. त्यांच्या संग्रहांची नुसती नावंही काठासारखी वाचता येतात. ‘रूपगंधा’ (१९६१) हा मऊ संस्कृत समास. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) ही तर बोलताना निघावी तशी ओळ. त्यातला ‘रंग’ संस्कृतातही आहे, फारसीतही. मग ‘एल्गार’ (१९८३), तुर्कीतून फारसीमार्गे आलेला चढाईचा शब्द. वऱ्हाडाचा कारभार १८५३पर्यंत निजामाकडे होता. असे शब्द इथे पाहुणे नव्हतेच. आणि ‘झंझावात’ (१९९४) पुन्हा संस्कृत, पण ‘रूपगंधा’तला मऊपणा त्यात औषधालाही नाही.

खरी गंमत मुशायऱ्यात. शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, तेवढ्यात ऐकणारे मनातल्या मनात काफिया जुळवू लागतात. त्यांना शब्द सापडलाच नाही तर शेर अवघड. शब्द आणि अर्थ दोन्ही सापडले तर बेचव. उत्तम शेरात तुम्ही ‘भाव’च ताडलेला असतो, पण बाजारातला, आणि येतो तो डोळ्यांतला.