मढ्याला मलम लावणारा भुंगेरा

मेलेला उंदीर म्हणजे कुणासाठी घाण, तर कुणासाठी बाळंतिणीची खोली! युरोपातल्या जंगलांत 'निक्रोफोरस व्हेस्पिलॉइडिस' नावाचा, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे असलेला भुंगेरा राहतो. मढ्याचा वास लागला की नर-मादी तिथे पोहोचतात, केस उपटतात, मांसाचा गोळा वळतात आणि तो जमिनीत पुरतात. पिल्लं त्यावरच वाढतात.

पण मांस कुजवायला जिवाणूही टपलेलेच असतात. त्यावर भुंगेऱ्यांची युक्ती अशी, की ते तोंडातला आणि गुदद्वारातला स्राव गोळ्यावर सारवतात. त्यात लायसोझाइमसारखी विकरं असतात. ती जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे धागे तोडतात आणि जिवाणू फुटतो. हेच विकर आपल्या अश्रूंत आणि कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातही असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याची ओळख 1922 मध्ये जगाला करून दिली, म्हणजे पेनिसिलिनच्याही आधी.

एरवी या स्रावात जंतुनाशक ताकद फारशी नसते. मढं हाती लागलं की ती वाढते.

भुंगेऱ्याचं स्वतःचं संरक्षण मात्र वेगळं. कीटकांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. जखम झाली की फिनॉलऑक्सिडेज हे विकर कामाला लागतं, काळं मेलॅनिन तयार होतं, जखम बुजते आणि जंतू त्यात अडकतात.

दोन्ही आघाड्या एकदम लढवणं परवडत नाही. प्रयोगात जखमी केलेल्या भुंगेऱ्यांनी स्वतःची प्रतिकारशक्ती वाढवली, तेव्हा पिल्लांच्या शिदोरीवर सारवायच्या स्रावाची ताकद घटलेली आढळली.