आवाज नेमका कुठे अडतो?

घरच्या घरी पॉडकास्ट करणारे, ऑनलाइन गाण्याची शिकवणी घेणारे, अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे, अशा अनेकांच्या टेबलावर आता छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस दिसतो. मायक्रोफोनची केबल त्यात खोचायची, इंटरफेस कॉम्प्युटरला जोडायचा आणि बोलायला लागायचं. कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर मात्र अनेक जण खोकं उलटसुलट करून बघतात, त्यावर लिनक्सचं नाव सापडत नाही आणि घेतलेली वस्तू परत करायला निघतात. तेवढी घाई करू नये. लिनक्ससाठी लागणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतो.

यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं एक सर्वांसाठी खुलं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती 1998 सालची, दुसरी 2006 सालची. हे मानक पाळणारं यंत्र जोडताक्षणी स्वतःची माहिती सांगतं: इनपुट किती, आउटपुट किती, सेकंदाला नमुने किती, बिट किती. अशा यंत्रांना ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात. ही माहिती वाचून यंत्र चालवणारा ड्रायव्हर ताकाशी इवाई यांनी 2002 मध्ये लिहिला. तो ‘अल्सा’ या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीचा भाग आहे आणि कर्नलसोबतच येतो, त्यामुळे वेगळं काही उतरवावं लागत नाही. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय आयपॅडवर चालणारा इंटरफेस लिनक्सवरही चालण्याची शक्यता दाट असते, कारण दोन्हीकडे आधार याच मानकाचा असतो.

तरीही आवाज येत नाही, तेव्हा घोडं कुठे पेंड खातं ते शोधावं लागतं. मायक्रोफोनपासून रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमपर्यंत आवाज तीन टप्पे ओलांडतो. आधी यूएसबी, मग अल्सा, मग पाइपवायर. तपासणीही याच क्रमाने करावी. इंटरनेटवर सापडलेल्या दहा आज्ञा एकामागून एक टर्मिनलमध्ये चिकटवल्या की मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे दोन तयार होतात.

पहिल्या टप्प्यावर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. यादीत इंटरफेसचं नाव दिसलं नाही तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. केबल बदला, हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला जोडा. यूएसबी 2 च्या पोर्टमधून ठरावीक हिशेबाने 500 मिलिअँपिअर वीज मिळते. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठाही त्यातूनच भागवायचा असतो, त्यामुळे स्वस्त हबवर गाडी अडते.

नाव दिसलं, तर ‘एरेकॉर्ड’ ही आज्ञा यादीच्या पर्यायासह चालवून अल्साला कार्ड सापडलंय का ते पाहा. इथे कार्डाच्या क्रमांकावर विसंबू नये. आज एक असलेला क्रमांक उद्या मॉनिटरच्या एचडीएमआयला मिळू शकतो. सेटिंगमध्ये कार्डाचं नाव वापरावं. मग ‘अल्सामिक्सर’ उघडा आणि एफ-6 दाबून इंटरफेस निवडा. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती मुकी आहे. ‘एम’ची कळ दाबली की सुरू होते. काही इंटरफेसच्या बाबतीत मात्र पडद्यावर एकही पट्टी येत नाही, या यंत्राला नियंत्रणं नाहीत एवढाच संदेश येतो. हा बिघाड नव्हे. त्या यंत्राचा आवाज पुढच्या गोल बटणांनीच कमीजास्त होतो, इतकाच त्याचा अर्थ.

तिसरा टप्पा पाइपवायरचा. आधी ब्राउझर, गाण्यांचे प्लेअर यांच्यासाठी पल्सऑडिओ आणि संगीतकारांसाठी जॅक अशी विभागणी होती आणि दोघांचं एकाच कार्डावरून जमत नसे. विम टायमन्स यांनी सुरू केलेला पाइपवायर ही दोन्ही कामं एकत्र करतो. 2021 च्या फेडोरा 34 पासून तो तिथे मूळ व्यवस्था म्हणून आला, 2022 च्या शेवटी उबुंटूनेही तो घेतला. म्हणून ‘आधी पल्सऑडिओ काढून टाका’ असा जुना सल्ला आज कुणी दिला तर तो ऐकू नका.

याच टप्प्यावर एक तक्रार हमखास येते: आवाज फक्त डाव्या कानात येतो. कारण साधं आहे. इंटरफेसचे दोन इनपुट म्हणजे एका स्टिरिओ जोडीचा डावा आणि उजवा, असं सिस्टिम धरून चालते. मायक्रोफोन पहिल्या इनपुटला असला की उजवी बाजू रिकामी राहते. ‘पावूकंट्रोल’ उघडा, कॉन्फिगरेशनच्या पानावर इंटरफेससाठी ‘प्रो ऑडिओ’ हे प्रोफाइल निवडा. मग दोन्ही इनपुट सुटे मिळतात आणि पहिला तेवढा मोनो ट्रॅकवर घेता येतो.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना याहून छळणारी गोष्ट म्हणजे उशीर. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो. पाइपवायरचा नेहमीचा गठ्ठा 1024 नमुन्यांचा. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने तो भरायला साधारण 21 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सात मीटर जातो, म्हणजे तबलजी सात मीटर दूर बसल्यासारखं झालं. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर अंतर दुप्पट. गठ्ठा 128 नमुन्यांचा केला की तो भरायचा वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. पण गठ्ठा जितका लहान, तितकी प्रोसेसरची धावपळ जास्त. तो वेळेत पोचला नाही की टकटक असे खंड पडतात. 256 पासून सुरुवात करावी आणि टकटक थांबेल तिथे स्थिरावावं. नुसतं वाचन मुद्रित करणाऱ्याने या भानगडीत पडूच नये, त्याला 1024 उत्तम. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर गाणाऱ्यालाही स्वतःचा आवाज कॉम्प्युटरची वाट न बघता ऐकू येतो.

मानकाबाहेरची सोय कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि खरी अडचण तिथे आहे. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेच्या काही इंटरफेसना अशी आतली नियंत्रणं आहेत. जेफ्री बेनेट यांनी त्यांची यूएसबीवरची देवाणघेवाण अभ्यासून लिनक्ससाठी ड्रायव्हर आणि नियंत्रणाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि आज तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. तिसऱ्या पिढीचं नवं यंत्र सुरुवातीला पेनड्राइव्हसारखंही दिसतं. ‘48व्ही’ बटण दाबून धरून यंत्र सुरू केलं की ती अवस्था जाते आणि सगळी नियंत्रणं हाती येतात. एका माणसाच्या चिकाटीने हजारो वादकांची सोय झाली. अशा कामाची नावं पोचली पाहिजेत, म्हणून इथे मुद्दाम दिलं.

कंपनीने उद्या एखाद्या मॉडेलचा ड्रायव्हर देणं बंद केलं, तरी मानक पाळणारा इंटरफेस लिनक्सवर चालत राहतो. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला ‘ड्रायव्हर कुठला?’ असं विचारण्यापेक्षा ‘ड्रायव्हरशिवाय चालतो का?’ असं विचारा, आणि उत्तर स्पष्ट मिळाल्यावरच पैसे द्या.