डीएनए तोडणारी विकरे आणि पेशीचे मरण

पेशीचा डीएनए तुटतो म्हणून ती मरते, हा नियोजित पेशीमृत्यूविषयीचा, म्हणजे ॲपॉप्टोसिसविषयीचा, सर्वांत रुजलेला गैरसमज. प्रत्यक्षात मरणाचा निर्णय आधीच झालेला असतो. कॅस्पेज नावाची विकरे पेशीतली प्रथिने कापू लागतात आणि त्या ओघात डीएनएही तुटतो. १९९४ मध्ये केंद्रक काढून टाकलेल्या पेशींतही ॲपॉप्टोसिस घडवून दाखवण्यात आला.

डीएनए तोडणारे विकर ऐनवेळी तयार होते, हेही खरे नाही. जपानमधील शिगेकाझू नागाता यांच्या गटाने १९९८ मध्ये ओळखलेले ‘कॅड’ हे विकर धडधाकट पेशीतही असते. ‘आयकॅड’ हे प्रथिन त्याला जखडून ठेवते. विलक्षण गोष्ट अशी, की आयकॅडच्या मदतीशिवाय कॅडला योग्य घडणच येत नाही. रोखणारा आणि घडवणारा एकच! कॅस्पेज-३ ने आयकॅड कापले, की कॅड मोकळे होते.

तुकडेही वाटेल तसे पडत नाहीत. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि कॅड दोन गुंडाळ्यांमधल्या उघड्या भागावर घाव घालते. त्यामुळे सुमारे १८० ते २०० बेसजोड्यांच्या पटीतले तुकडे मिळतात आणि जेलवर त्यांची शिडी दिसते. अँड्र्यू वायली यांनी १९८० मध्ये ही शिडी ॲपॉप्टोसिसशी जोडली. मात्र काही पेशींत तोड मोठ्या तुकड्यांवरच थांबते. म्हणून शिडी दिसली नाही एवढ्यावरून ॲपॉप्टोसिस नाकारणे चूक ठरते.

मेलेल्या पेशीच्या डीएनएचे पुढे काय झाले याला महत्त्व नाही, हा समज मात्र सर्वांत घातक. उरलेले काम बहुतांशी भक्षक पेशी करतात. त्यांच्या लायसोसोममधले डीएनेज-२ हे विकर गिळलेला डीएनए पचवते. लाल रक्तपेशी तयार होताना बाहेर टाकली जाणारी केंद्रकेही त्यालाच पचवावी लागतात. हे विकर नसलेले उंदीर जन्मापूर्वीच तीव्र रक्तक्षयाने दगावतात, असे २००१ मध्ये दिसले. न पचलेला डीएनए भक्षक पेशींना विषाणूसारखा वाटतो, त्या इंटरफेरॉन सोडतात आणि रक्तपेशींची घडण कोलमडते. माणसातही डीएनेज-१-एल-३ या रक्तात वावरणाऱ्या विकराचे जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल, तर बालपणीच ल्युपस होऊ शकतो; त्यात शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.