मागच्या सीटवरचे प्रवासी

संपादकांनी विषय दिला तो स्टेशनांवरच्या कुत्र्यांचा. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. पुन्हा तिथे सोडायची नाहीत. म्हणजे आमच्या आटगाव स्टेशनातली आणि शहापूर-मुरबाडच्या एसटी स्टँडवरचीसुद्धा. ती न्यायची कुठे, हे शोधताना मी प्राणी विमानाने पोचवणाऱ्या अमेरिकेतल्या 'पायलट्स एन पॉज' या संस्थेपाशी पोचलो आणि तिथेच रेंगाळलो.

संस्थेचा इतिहास थोडका आहे. साउथ कॅरोलिनातल्या डेबी बोइज यांना फ्लोरिडातला एक डॉबरमन आणायचा होता. जॉन वेरेनबर्ग या हौशी वैमानिकाने तो विमानातून आणून दिला. २००८ मध्ये दोघांनी संस्था काढली. काम एवढंच, की ज्याला प्राणी पोचवायचा आहे त्याची आणि ज्याच्याकडे विमान आहे त्याची गाठ घालून द्यायची.

मला भुरळ घातली ती वैमानिकाच्या हिशेबाने. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान. टाकी भरली की माणसं आणि सामान मिळून साधारण अडीचशे किलोच चालतं. त्यात वैमानिक स्वतः, पिंजरे आणि कुत्री बसवायची. जड कुत्रा फार मागे गेला तर विमानाचा तोल बिघडतो, म्हणून आधी सगळ्यांची वजनं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, तेव्हा फार उंच जायचं नाही. राज्याची हद्द ओलांडायची तर पशुवैद्याचा दाखला हवा. पल्ला लांबचा असला की मधल्या विमानतळावर पिंजरा दुसऱ्या वैमानिकाच्या हवाली. इंधन पदरचं, कारण खासगी परवान्यावर भाडं घेता येत नाही. एवढी यातायात माणसं सुट्टीच्या दिवशी आपणहून करतात. आणि प्रवासी? इंजिनाच्या घरघरीत बहुतेक झोपून जातात.

पण ही यातायात कशासाठी? अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत निवारे तुडुंब असतात आणि जागा संपली की धडधाकट प्राण्यांनाही इंजेक्शन देऊन संपवलं जातं. उत्तरेत कुत्रं दत्तक घेणारी घरं वाट पाहत असतात. विमान त्या मुदतीच्या आत पोचायला हवं.

आपल्याकडच्या पांजरापोळांत ही मुदत नव्हती. १८३२ मध्ये कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाली आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय प्रभृतींनी पांजरापोळ उभा केला, तो प्राण्याला मरेपर्यंत सांभाळणारा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियमही सांगतात, की नसबंदी केलेलं कुत्रं उचललं तिथेच सोडा. आमच्या गावांतलं कुत्रं कुणा एकाचं नसतंच. चार दारांचा भाकरतुकडा खाऊन ते आळी राखतं.

आता निवारा आला, की अमेरिकेची अर्धी व्यवस्था येईल: आत जायचा दरवाजा. बाहेर पडायचा दरवाजा म्हणजे दत्तक घेणारं घर, आणि गावठी कुत्र्याला ते क्वचितच मिळतं. विमानाने हे सुटणार नाही. जवळची नेवाळीची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी दुरुस्त केली तरी पिंजरा उतरवायचा कुणाच्या अंगणात? निवाऱ्याला रोजचं खाणं, साफसफाईला माणूस आणि डॉक्टर लागतो, तोही वर्षानुवर्षं. कुत्र्यांची पैदास थांबली नाही, तर कितीही मोठं आवार वर्ष-दोन वर्षांत भरेल.

म्हणून आटगाव परिसरातल्या ग्रामपंचायतींनी निवाऱ्याची जागा शोधावीच, पण नसबंदीसाठी डॉक्टर आणि गाडी त्याआधी ठरवावी.