अभियांत्रिकी व बांधकाम कंपनीतील लेखापालाची वाटचाल : ठेका खाते ते प्रकल्पस्थळ

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेच्या परिव्यय लेखांकनात ‘ठेका खाते’ हे प्रकरण पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने शिकविले जात आले आहे. डाव्या बाजूस माल, मजुरी व यंत्रसामग्री. उजव्या बाजूस प्रमाणित काम, अप्रमाणित काम व स्थळावरील शिल्लक माल. काम एकचतुर्थांशापेक्षा कमी झाले असल्यास नफा धरावयाचा नाही. अर्ध्याच्या आत असल्यास काल्पनिक नफ्याचा एकतृतीयांश आणि अर्धे वा अधिक झाले असल्यास दोनतृतीयांश भाग, तोही मिळालेल्या रोख रकमेच्या प्रमाणात, नफा-तोटा खात्यास न्यावयाचा. हा नियम पाठ करून पदवी मिळविलेला विद्यार्थी बांधकाम कंपनीत रुजू होतो, तेव्हा तो नियम वापरणारे तेथे कोणीही त्याला भेटत नाही. पाठ्यपुस्तक आणि प्रकल्पस्थळ यांमधील हे अंतर जो लेखापाल लवकर ओलांडतो, त्याचीच या क्षेत्रात प्रगती होते. प्रस्तुत लेखात या वाटचालीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातील वाणिज्य पदवीधरांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत लार्सन अँड टुब्रो सुरू केली. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्याचे काम १६ भागांत विभागून निरनिराळ्या ठेकेदारांना दिलेले होते. अशा प्रत्येक भागाच्या छावणीत एक लेखा कार्यालय असते आणि नवोदिताची उमेदवारी बहुधा तेथेच होते.

प्रकल्पस्थळावरील काम :

प्रकल्पस्थळावरील लेखापालाचा दिवस रोजकीर्दीने सुरू होत असला, तरी त्याच्या कामाचा खरा आधार मोजमाप पुस्तक हा होय. अभियंत्याने नोंदविलेली व ग्राहकाच्या प्रतिनिधीने मान्य केलेली मोजमापे हीच चालू देयकाची जननी. देयक मंजूर झाले म्हणजे तेवढी रक्कम हाती आली, असे मात्र होत नाही. समजा, शासकीय कामाचे वस्तू व सेवा कर वगळून ४ कोटी रुपयांचे देयक मंजूर झाले. त्यातून ५ टक्के राखीव रक्कम म्हणजे २० लाख, कामाच्या आरंभी घेतलेल्या अग्रिमाच्या वसुलीपोटी १० टक्के म्हणजे ४० लाख, आयकराची २ टक्के कपात ८ लाख, वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात ८ लाख आणि कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे ४ लाख वजा होतात. एकूण ८० लाख रुपये कापले जाऊन ३ कोटी २० लाख हाती येतात. या पाच कपाती दिसावयास सारख्या, परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे. राखीव रक्कम हे येणे आहे व ते दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर मागावयाचे आहे. अग्रिमाची वसुली हे देणे कमी होणे आहे. आयकराची कपात विवरणपत्रात जमा मिळवून देते, वस्तू व सेवा कराची कपात इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात येते. उपकर हा खर्चच आहे. या सर्वांना ‘कपात’ या एकाच खात्यात ढकलणारा लेखापाल पुढे कितीही वर्षे काम करो, तो कारकूनच राहतो.

मालाच्या बाबतीतही हेच. लोखंडी सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ केला असता तिचे प्रतिमीटर वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १६ मिलिमीटरची सळई सुमारे १.५८ किलो भरते. हे सूत्र अभियंत्याचे खरे, परंतु ते ठाऊक असलेला लेखापाल वजनकाट्याच्या पावत्या, सळई-कापणीचे तक्ते व देयकातील परिमाण यांचा मेळ घालू शकतो. काट्यावर १०० टन आले, देयकात ९० टन बसले व गोदामात २ टन शिल्लक असले, तर उरलेल्या ८ टनांचा जाब तुकड्यांच्या स्वाभाविक तुटीने देता येत नाही. पेटी ठेकेदारांना दिलेली उचल, मुकादमाचा हजेरीपट व डिझेलची नोंदवही यांतही असेच पाहावे लागते. हजेरीपटावरील नावे आणि प्रत्यक्ष मजूर यांची गाठ घालण्यास कार्यालयातील खुर्ची उपयोगाची नाही, हे वेगळे सांगावयास नको.

नफ्याचे मोजमाप :

येथे विषयाचा गाभा येतो. भारतात लेखा मानक ७ हे २००२ मध्ये सुधारण्यात आले व १ एप्रिल २००३ पासूनच्या करारांना लागू झाले. १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या व सूचिबद्ध कंपन्यांसाठी भारतीय लेखा मानक ११५ आले. दोहोंच्या परिभाषेत फरक असला, तरी दीर्घकालीन कामाचे उत्पन्न कामाच्या प्रगतीनुसार धरावयाचे व ती प्रगती बहुधा एकूण अंदाजित खर्चाच्या प्रमाणात मोजावयाची, ही व्यवहारातील रीत कायम आहे.

एक उदाहरण घेता येईल. करार १०० कोटींचा, अंदाजित खर्च ९० कोटींचा व आजवर झालेला खर्च ४५ कोटी. काम ५० टक्के झाले. उत्पन्न ५० कोटी व नफा ५ कोटी. पुढील तिमाहीच्या आरंभीच खडक अपेक्षेपेक्षा कठीण लागल्याचे आढळले आणि उर्वरित कामास ४५ ऐवजी ६३ कोटी लागतील असे दिसून आले. एकूण खर्च १०८ कोटी झाला. आता प्रगती ४१.६७ टक्के, उत्पन्न ४१.६७ कोटी आणि आजवरचा तोटा ३.३३ कोटी. शिवाय पुढे होणाऱ्या ४.६७ कोटींच्या तोट्याची तरतूद तत्काळ करावी लागते. एक रुपयाही नव्याने खर्च झालेला नसताना ५ कोटींच्या नफ्याचा ८ कोटींचा तोटा होतो. पाठ्यपुस्तकातील दोनतृतीयांशाच्या नियमात उर्वरित खर्चाच्या या अंदाजाला स्थानच नाही, आणि प्रत्यक्षात सारा प्रश्न त्या अंदाजाचाच असतो.

हा अंदाज प्रकल्प व्यवस्थापक देतो. त्याची बढती अनेकदा त्याच आकड्यावर अवलंबून असल्याने तो आकडा लवचीक राहतो. तिमाहीअखेरीस ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ हे वाक्य प्रत्येक छावणीत ऐकू येते. त्या वेळी लेखापालाने मोजमाप पुस्तक, दरपत्रके व शिल्लक परिमाणे पुढे ठेवून ६३ कोटींचा आग्रह धरावयाचा असतो. तो न धरल्यास काय होते, हे ब्रिटनमधील कॅरिलियन या बलाढ्य बांधकाम कंपनीने दाखविले. जुलै २०१७ मध्ये तिला आपल्या करारांपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद एकाएकी जाहीर करावी लागली आणि १५ जानेवारी २०१८ रोजी ती अवसायनात गेली. जगभरातील सुमारे ४३,००० कर्मचाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

करार व कर :

करविषयक ज्ञानाची आवश्यकता सर्वज्ञात आहे. एकच बाब येथे पुरे. शासनासाठीच्या अनेक कामांवरील वस्तू व सेवा कराचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. वाढीव ६ टक्के कोणी सोसावयाचे, याचे उत्तर खतावणीत मिळत नाही. ते करारातील कायदाबदलाच्या कलमात असते, व त्याखाली मुदतीत सूचना देणे हे ज्याच्या ध्यानी असते त्याचे महत्त्व अभियंत्यांनाही पटते. निविदा, हमीपत्रे व दावे यांच्या कामात लेखापालाचा प्रवेश होतो तो येथूनच.

पात्रता व पदोन्नती :

सनदी लेखापाल ही पदवी सर्वोच्च पदांसाठी उपयुक्त आहेच. तथापि, खर्चाच्या अंदाजाभोवती फिरणाऱ्या या उद्योगात परिव्यय लेखापालास स्वाभाविक स्थान आहे. २०१४ च्या नियमांनुसार ३५ कोटी वा अधिक उलाढालीच्या बांधकाम कंपन्यांना परिव्यय नोंदी ठेवणे बंधनकारकही आहे. केवळ वाणिज्य पदवीधरासही स्थळ लेखापाल, प्रकल्प लेखाप्रमुख, विभागीय प्रमुख व नंतर मुख्य कार्यालय अशी वाट मोकळी असते, मात्र दोन-तीन प्रकल्प आरंभापासून अंतिम देयकापर्यंत पाहिलेले असावे लागतात. त्यासाठी वर्षानुवर्षे छावणीत राहणे, मुलांच्या शाळा बदलणे किंवा कुटुंब गावी ठेवणे भाग पडते. स्त्री लेखापालांना छावणीत निवासाची सोय क्वचितच असल्याने त्यांची नेमणूक थेट मुख्य कार्यालयात होते, आणि स्थळाचा अनुभव नाही या कारणास्तव तीच नेमणूक पुढे त्यांच्या बढतीच्या आड येते. कंपन्यांनी निवासाची व्यवस्था केल्यास हा अडथळा बव्हंशी दूर होण्यासारखा आहे.

महाविद्यालयांना करता येण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. प्रत्येक तालुक्यात सार्वजनिक बांधकाम विभागाचे एखादे काम चालू असतेच. ठेका खात्याचे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांना तेथे नेऊन एका चालू देयकाची प्रत व त्यामागील मोजमापे समजावून दिल्यास दोन तासिका लागतील.